भूजलाचा हिशेब गावाच्या हाती हवा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

विकसनशील प्रदेशांच्या शाश्वत विकासात विज्ञानाने कोणती भूमिका बजावावी, या विषयावर अलीकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. त्या चर्चेत उपग्रह, ड्रोन, संगणकीय प्रतिमाने आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा उल्लेख हमखास असतो, आणि ही साधने निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु ज्या प्रदेशात मी राहते आणि जो विषय मी नोकरीच्या सगळ्या काळात शिकवला, तिथला अनुभव माझे लक्ष दुसरीकडे वेधतो. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात माणसांचे, जनावरांचे आणि पिकांचे भवितव्य जमिनीखालच्या पाण्यावर ठरते. त्या पाण्याच्या बाबतीत गेल्या पन्नास वर्षांत पाणी वर काढण्याचे तंत्र घरोघरी पोहोचले, पाणी किती आहे हे मोजण्याचे शास्त्र मात्र कार्यालयांतल्या फायलींत राहिले. शाश्वत विकासाच्या वाटेवरची आपल्याकडची सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, त्याचे थर एकावर एक थिजत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणणाऱ्या कारागिरांना हे थर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नीट ओळखता येतात. वरची माती संपली की मुरूम लागतो, त्याखाली सच्छिद्र आणि ठिसूळ मांजऱ्या, मग सुरुंगाशिवाय न हलणारा घट्ट काळा फत्तर, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाची तांबडी माती. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्यात आणि फत्तराच्या सांध्या-भेगांत. घट्ट फत्तरात ते जवळजवळ नसतेच. दख्खनमधली भूजलाची रचना उतरंडीसारखी आहे. प्रत्येक मडक्यात थोडे थोडे पाणी, दोन मडक्यांच्या मध्ये जाड बूड, आणि खालच्या मडक्यात वरच्याइतके पाणी असेल याची कसलीही खात्री नाही.

या खडकाची पाणी साठवून ते विहिरीला देण्याची क्षमता फार थोडी आहे. आपल्या देशात भूजलाच्या मूल्यांकनासाठी जी पद्धत वापरतात, तीत झिजलेल्या आणि सच्छिद्र बेसाल्टसाठी हे प्रमाण, म्हणजे खडकाच्या एकूण आकारमानापैकी विहिरीला मिळू शकणाऱ्या पाण्याचा वाटा, एक ते तीन टक्के धरले जाते. गाळाच्या वालुकामय प्रदेशात ते दहा टक्क्यांच्याही वर जाते. आकडा कोरडा वाटेल, पण त्याचा अर्थ शेतात उतरवून पाहावा. शंभर हेक्टर शिवारातल्या सगळ्या विहिरींची पातळी एका पावसाळ्यात एक मीटरने वर आली आणि खडकाचे प्रमाण दोन टक्के धरले, तर जमिनीत नव्याने साठलेले पाणी होते वीस हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण पाटाने भिजवलेल्या उसाला, वाया जाणारे पाणी धरून, वर्षभरात सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी द्यावे लागते असे मानले, तर एक हेक्टर ऊस हे सगळे पाणी एकटा पिऊन टाकतो. तेच पाणी रब्बीच्या ज्वारीला किंवा हरभऱ्याला दिले, तर सात-आठ हेक्टर भिजतात. शंभर हेक्टरांच्या शिवाराची एका पावसाळ्याची कमाई, आणि तिच्यावर एक हेक्टर ऊस! हा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मांडला की बैठकीतले बोलणे बदलते, हे मी पाहिलेले आहे. ज्यांच्या विहिरी कोरड्या पडतात ती माणसे प्रथमच नशिबाऐवजी आकड्यांविषयी प्रश्न विचारू लागतात. हे गणित सातवीतल्या मुलाला येण्यासारखे आहे. त्यासाठी लागते ती विहिरीच्या पातळीची विश्वासार्ह नोंद, आणि नेमकी तीच बहुतेक गावांत नसते.

विज्ञानाने आपल्याकडे काहीच केले नाही, असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे कठीण खडकात वेगाने छिद्र घेणारी यंत्रे आली आणि गावोगावी पिण्याच्या पाण्यासाठी विंधण विहिरी झाल्या. त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप मुळात परदेशातल्या एखाद्या कुटुंबाच्या वापराच्या बेताने घडवलेले होते. इथे दिवसभर शेकडो माणसे ते हलवत, आणि ते लगोलग मोडत. आधी जालन्यात आणि मग सोलापुरात, मिशनांच्या कामाशी संबंधित कारागिरांनी पोलादाचा, मजबूत सांध्याचा, गावातच दुरुस्त होईल असा पंप घडवला. हा ‘सोलापूर पंप’ पुढे युनिसेफने आणि भारतीय अभियंत्यांनी आधाराला घेतला, कोइमतूरच्या परिसरात त्याच्या प्रत्यक्ष वापरातल्या चाचण्या घेतल्या आणि त्यातून सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत तो आजही पाणी देतो. आमच्या सोलापूरला ज्याचा रास्त अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, आणि ती शाळांमधून सांगितली जात नाही याची मला मनापासून खंत आहे. विकसनशील प्रदेशातले विज्ञान कसे चालते याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. मोडलेले पंप मोजले गेले, मोडण्याचे कारण शोधले गेले, इथल्याच कारागिरांनी रचना बदलली आणि बदललेली रचना गावातल्या वापरावर तपासून पाहिली गेली.

दुर्दैवाने पुढच्या टप्प्यात ही शिस्त टिकली नाही. हातपंपासाठी आलेले तेच विंधण यंत्र शेतीच्या बोअरसाठी गावात फिरू लागले, त्याच्या जोडीला विजेवर चालणारी पाणबुडी मोटर आली, आणि दोनशे फुटांची बोअर पाचशेवर आणि पाचशेची आठशेवर गेली. वरच्या मडक्यातले पाणी खालच्या छिद्रात उतरून जाऊ लागले, शेजारच्या उथळ विहिरी आटल्या, आणि ज्या हातपंपावर सगळी वस्ती पाणी भरत होती तो कोरडा पडला. खोल खडकातले पाणी दीर्घकाळ खनिजांच्या सान्निध्यात राहते. त्यामुळे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही भागांत फ्लोराइडचा जो त्रास आहे, त्याला खोल बोअरवरचे अवलंबित्व हेही एक कारण आहे. बोअर फेल गेली की शेतकरी दुसरी मारतो, तिच्यासाठी कर्ज काढतो, आणि ती कुठे मारायची हे बहुधा हातावर नारळ ठेवून चालणारा पाणाड्या ठरवतो. त्या पाणाड्याला हसणे सोपे आहे. पण ज्या शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी एकही भूजलतज्ज्ञ भेटत नाही, त्याने दुसरे कोणाकडे जावे?

बोअर मारताना गाडीच्या पाइपाभोवती भुकटीचा ढीग साचत जातो. काही फुटांवर ती करडी असते, मग एकदम विटकरी होते, मग पुन्हा काळपट, आणि कुठे मांजऱ्या लागला तर तिच्यात पांढरट-हिरवट खनिजांचे कण चमकतात. कोणत्या खोलीवर भुकटीचा रंग बदलला, कोणत्या खोलीवर ती प्रथम ओली झाली, कुठे पाण्याचा जोर वाढला, एवढे जरी एका कागदावर लिहिले तरी त्या गटाखालच्या खडकाची कुंडली तयार होते. शेतकऱ्याने आपल्या पैशाने केलेले हे भूशास्त्रीय सर्वेक्षण असते. महाराष्ट्रात आजवर अशी लाखो छिद्रे घेतली गेली असतील. त्यांतल्या बहुतेकांची नोंद कुठेही नाही. भुकटी बांधावर पडून राहिली आणि पहिल्या पावसात वाहून गेली. एवढी मोठी माहिती देशाने दारातून परत पाठवली, याचे मला अतिशय वाईट वाटते.

कायदे आपण केले. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम त्याहून व्यापक होता. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो अमलात यायला २०१४ साल उजाडले. त्यात साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटले आहे आणि ती घेण्यास मनाई आहे, विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे, पाणलोट क्षेत्रनिहाय समित्यांची कल्पना आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडच्या कोणत्याही गावात जाऊन नव्या बोअरची खोली विचारावी, म्हणजे या कलमाची अवस्था कळेल. मोजणारी यंत्रणा उभी केल्याशिवाय केलेली मनाई कागदावर राहते. तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने रात्रीच्या अंधारात शेजारच्या राज्यातून आलेली बोअरची गाडी अडवावी, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

मोजमाप अजिबात होत नाही असे मात्र नाही, आणि ज्यांनी ते निष्ठेने केले त्यांच्याविषयी मला आदर आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. एवढ्या दीर्घ काळाच्या नोंदी असलेली राज्ये देशात थोडी आहेत. पण महाराष्ट्रात गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत. म्हणजे सरासरी दहा-अकरा गावांमागे एक विहीर. बेसाल्टमध्ये तर एका ओढ्याच्या दोन काठांवरच्या विहिरींचे वागणे निराळे असते. या नोंदींवरून तालुक्याचे वर्गीकरण सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित आणि अतिशोषित असे होते, आणि धोरण आखण्यासाठी ते उपयोगी पडते. परंतु तालुका सुरक्षित असताना त्यातल्या वीस गावांना मार्चपासून टँकर लागतो, हे दृश्य दर उन्हाळ्यात दिसते. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून हाती घेतलेला जलधरांच्या, म्हणजे पाणी साठवून ठेवणाऱ्या खडकथरांच्या, नकाशांचा कार्यक्रम मोलाचा आहे. परंतु त्यातले नकाशे प्रामुख्याने पन्नास हजारास एक या प्रमाणात निघाले. त्या नकाशावर दोन किलोमीटर रुंदीचे शिवार चार सेंटिमीटरांत बसते. गट क्रमांक दिसत नाही, ओढ्याचे वळण दिसत नाही, आणि आपली विहीर कोणत्या थरात आहे हे शेतकऱ्याला त्यातून समजत नाही. गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून भूजलाची घट ओळखणारे उपग्रह २००२ पासून फिरत आहेत आणि वायव्य भारतातल्या भयंकर उपशाचे चित्र त्यांनीच जगापुढे ठेवले. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरांच्या पट्ट्यावर असते. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे, अमेरिका आणि चीन यांचा उपसा एकत्र केला तरी तो आपल्याहून कमी भरतो. हा उपसा लाखो लहान विहिरींतून होतो, आणि त्यामुळे त्याचे मोजमापही तिथेच, विहिरीच्या कठड्यावर उभे राहून करावे लागणार आहे.

जलयुक्त शिवार अभियानाचा अनुभव या दृष्टीने नीट अभ्यासला पाहिजे. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या अभियानात दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. लोकांनी त्यात मनापासून भाग घेतला, श्रमदान केले, वर्गणी काढली. त्या उत्साहाला मी कधीही कमी लेखणार नाही. परंतु २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही असा निष्कर्ष नोंदवला. त्यावरून जे राजकीय वाद झाले त्यांत मला शिरायचे नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की, अभियानाचे यश मोजले गेले ते मुख्यतः किती कामे पूर्ण झाली आणि किती पाणी साठवण्याची क्षमता निर्माण झाली यावरून. कामाआधी त्या शिवारातल्या विहिरींची पातळी काय होती, कामानंतर काय झाली आणि त्याच काळात उपसा किती वाढला, या तीन नोंदी बहुतेक गावांकडे नव्हत्या. निर्माण झालेली क्षमता आणि जमिनीत मुरलेले पाणी यांत फार अंतर असते. नाल्याच्या खोलीकरणाचेच घ्या. तापी खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत, शिरपूरच्या परिसरात, जे काम शोभते ते बालाघाटच्या डोंगररांगांवरच्या बेसाल्टमध्ये जसेच्या तसे करता येत नाही. इथे यंत्राने नाला प्रमाणाबाहेर खोल केला की तो काठच्या मांजऱ्याच्या थराला छेद देतो, आणि ज्या थरातले पाणी उन्हाळ्यापर्यंत विहिरींना पुरायचे ते दिवाळीपूर्वीच नाल्यात झिरपून वाहून जाते. पाणी अडवण्यासाठी काढलेला चर पाणी काढून देण्याची वाट ठरतो. काम सुरू होण्याआधी काठच्या दोन-तीन विहिरींतले थर पाहिले असते तर हे कळले असते. शेततळ्यांच्या बाबतीतही तेच घडले. पावसाचे वाहते पाणी साठवण्यासाठी आखलेल्या तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लागले, आणि अनेक ठिकाणी ती विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले, सगळ्यांच्या विहिरींना पुरणारे पाणी एकाच्या तळ्यात येऊन उन्हात उघडे पडते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. वर मांडलेल्या हिशेबातला एक हेक्टर ऊस अशा चाळीस गाड्यांचे पाणी पितो.

ज्या गावांनी मोजायला सुरुवात केली, त्यांचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची चाळीस एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातल्या माणसांवर ठरला, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला त्यात जागा नव्हती. हा निर्णय नैतिक होता हे खरेच, पण आधी पाणलोटातल्या पाण्याचा हिशेब मांडला म्हणूनच तो घेता आला. हिवरे बाजारची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कामातली बंधारे, वृक्षलागवड आणि कुऱ्हाडबंदी यांची छायाचित्रे नेहमी छापली जातात. त्या गावाचे खरे वेगळेपण, माझ्या मते, ग्रामसभेत मांडल्या जाणाऱ्या पाण्याच्या ताळेबंदात आहे. पावसाळा संपला की पर्जन्यमापकावरचा पाऊस आणि ठरावीक विहिरींची पातळी यांवरून शिवारात किती पाणी उपलब्ध आहे ते काढतात. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवतात. उरलेल्या पाण्यात कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यायचे ते ठरते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही. पाऊस कमी झाला तर पेरा कमी होतो, आणि तो कमी का करायचा हे सगळ्यांना आकड्यांतून दिसलेले असते.

हे एखाद्या असामान्य सरपंचाचेच काम आहे, सर्वसामान्य गावाला ते जमणार नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर त्या वेळच्या आंध्र प्रदेशात मिळते. तिथे या शतकाच्या पहिल्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने, सात दुष्काळप्रवण जिल्ह्यांतल्या सहाशेंहून अधिक गावांत शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि बोअरची पातळी मोजली, त्यातून रब्बीच्या आधी गावाचा ताळेबंद मांडला आणि तो भिंतीवर रंगवून लावला. त्या प्रकल्पात ऊस लावू नका किंवा भात लावू नका असा आदेश कोणी दिला नव्हता, अनुदानाचे आमिषही नव्हते. तरीही बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनी जास्त पाण्याची पिके आपणहून कमी केली. तिथलाही बहुतांश खडक कठीण आहे आणि पाऊस आपल्यासारखाच बेभरवशाचा आहे. मोजणाऱ्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या, याला मी विशेष महत्त्व देते. कारण हातपंप आटल्याची किंमत प्रथम त्याच मोजतात.

आपल्याकडे अटल भूजल योजनेने हीच दिशा धरली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या, जागतिक बँकेचा निम्मा वाटा असलेल्या सहा हजार कोटींच्या या योजनेत महाराष्ट्रातले तेरा जिल्हे घेतले गेले, गावांना पर्जन्यमापक आणि पातळी मोजण्याची साधने मिळाली, ग्रामपंचायतींनी जलसुरक्षा आराखडे केले. योजना चांगली आहे. मला भीती वाटते ती योजना संपल्यानंतरची. नोंद ही अशी गोष्ट आहे की ती एक वर्ष खंडित झाली तरी तिचे मोल निम्मे होते, आणि प्रकल्पाच्या मुदतीबरोबर मानधन थांबले की टेप कपाटात जाते. शिवाय नोंद घेण्यालाही शिस्त लागते. शेजारच्या विहिरीवर मोटर चालू असताना घेतलेले माप खोटे असते. कठड्याच्या ज्या खुणेपासून एकदा मोजले त्याच खुणेपासून दर वेळी मोजावे लागते. कठड्याची डागडुजी होऊन तो फूटभर वाढला आणि ते कोणी लिहिले नाही, तर पाणी फूटभर खाली गेल्याचा भास होतो. हे शिकवायला दोन दिवस पुरतात, पण चुका तपासणारा माणूस कायमचा लागतो. आज एकेका जिल्ह्याचा भार मोजक्या भूवैज्ञानिकांवर आहे. टँकरचे प्रस्ताव, विहिरींचे दाखले आणि बैठका यांतच त्यांचे वर्ष संपते.

विज्ञान पाण्याचे वाटप ठरवू शकत नाही, याचीही मला पूर्ण जाणीव आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याचे तिच्याखालचे पाणी, ही समजूत आपल्या मनात रुजली आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो सर्वांत खोल जातो आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचा पाण्यावरचा हक्क कोणी विचारात घेत नाही. ताळेबंद मांडला म्हणजे अन्याय आपोआप मिटेल असे नाही. पण एकाच्या बोअरमुळे दुसऱ्याची विहीर आटते हे जोवर मापाने दाखवता येत नाही, तोवर दुर्बळाची तक्रार ही केवळ तक्रार राहते, आणि ग्रामसभेत तिच्यावर आवाज चढवणे सोपे जाते.

यात आता एका नव्या आणि तातडीच्या प्रश्नाची भर पडली आहे. २०२४ च्या एप्रिलपासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे आणि सौर कृषिपंप मागेल त्याला दिले जात आहेत. रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, याला माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. सौरऊर्जेने कोळसा वाचतो हेही खरे. मात्र आजवर भारनियमनाने उपशावर जी अप्रत्यक्ष मर्यादा घातली होती ती आता उठते आहे. सूर्य असेतोवर पंप चालतो आणि पाणी उपसण्याचा वाढीव खर्च शून्य होतो. ऊर्जेच्या बाबतीत शाश्वत असलेली योजना पाण्याच्या बाबतीत अशाश्वत ठरू नये, यासाठी सौरपंप देतानाच त्या विहिरीची किंवा बोअरची खोली, थर आणि पातळी यांची नोंद बंधनकारक केली पाहिजे. पंप बसवायला माणूस जातोच. त्याच फेरीत हे काम होऊ शकते, आणि लाखो विहिरींची माहिती काही वर्षांत गोळा होईल. ही संधी पुन्हा येणार नाही. अतिशोषित पाणलोटांत पंपाबरोबर ठिबकची अटही घालावी, आणि शक्य तिथे उरलेली वीज विकत घेण्याची सोय करावी, म्हणजे पाणी न उपसण्यातही शेतकऱ्याला चार पैसे मिळतील.

शासनाकडे माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत किमान पाच विहिरी ठरवून त्यांची पातळी दरमहा एका प्रशिक्षित जलसुरक्षकाने मोजावी आणि चावडीवर लिहावी. त्याचे किंवा तिचे मानधन प्रकल्पाच्या निधीतून न देता ग्रामपंचायतीच्या नियमित तरतुदीतून द्यावे. पावसाळा संपताच, रब्बीचा पेरा आणि पूर्वहंगामी उसाची लागण ठरण्याआधी, खास ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जावा आणि पिण्याचे पाणी त्यातून प्रथम राखून ठेवावे. दर तालुक्याला एक पूर्णवेळ भूवैज्ञानिक असावा. दरवर्षी भूशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणारी आपल्याच महाविद्यालयांतली मुले-मुली स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभी आहेत. त्यांना शिकवलेल्या विद्येचा एवढा सरळ उपयोग दुसरा कोणता असेल? जलसंधारणाच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात कामाआधीच्या आणि नंतरच्या मोजमापासाठी वेगळी रक्कम ठेवावी आणि ती मापे आल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. बोअरच्या गाड्यांना परवाना देताना थरांची नोंद सादर करण्याची अट असावी आणि ती नोंद गट क्रमांकासह सर्वांना पाहता यावी. यातली कोणतीही गोष्ट खर्चाने अशक्य नाही. पातळी मोजायची टेप एखाद्या बंधाऱ्याच्या खर्चापुढे नगण्य आहे.

‘जलयुक्त’च्या दुसऱ्या टप्प्याची कामे अनेक तालुक्यांत चालू आहेत. माझ्या तालुक्यातल्या ज्या गावांची नावे यादीत आहेत, त्यांच्या सरपंचांना आणि ग्रामसेवकांना मी या पत्राद्वारे जाहीर विनंती करते की, पोकलेन शिवारात येण्यापूर्वी आपल्या पाच विहिरींची पातळी तारखेसह लिहून ठेवा. मोजण्याची रीत समजावून सांगायला आणि पहिल्या काही नोंदी तपासायला मी आणि माझे काही माजी विद्यार्थी कोणतेही मानधन न घेता येऊ.

आपली विश्वासू,
भूशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
सोलापूर जिल्हा